मजुरी कोण ठरवतं? जबलपूरच्या दोन दारांची गोष्ट



आजचा भाग थोडा घरचा आहे. मी वाढलो गोरखपूरमध्ये. उत्तर प्रदेशातलं गोरखपूर नव्हे, जबलपूर शहरातली याच नावाची जुनी बाजारवस्ती. शेजारीच हाऊबागचं छोट्या लाईनचं स्टेशन होतं. तिथून नैनपूरकडे जाणारी गाडी पुढे बालाघाटमार्गे गोंदियाला जोडायची, म्हणजे थेट महाराष्ट्रात. २०१५ साली ती छोटी लाईन बंद झाली आणि तिच्या जागी मोठी आली. पण आमच्या लहानपणी गोंदिया-नागपूरचे नातेवाईक याच रुळांवरून यायचे.

आमच्या गल्लीत दोन प्रकारची कमाई होती. माझे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. सकाळी भोंगा झाला की सायकली निघायच्या. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार, त्याची चिठ्ठी, त्यात मूळ पगार, महागाई भत्ता, कापलेला फंड, सगळं लिहिलेलं. आमच्या घराला लागून एक हिंदीभाषक कुटुंब राहायचं. तिथल्या बाईंना आम्ही मुलं चाची म्हणायचो. चाची ओसरीवर मांडीत सूप घेऊन विड्या वळायची. तिच्या कमाईची चिठ्ठी नव्हती. सट्टेदाराच्या दारात टोपली रिकामी केली की तो मोजायचा, दाबून बघायचा, काही कट्टे फोडून बाजूला फेकायचा आणि उरलेल्याचे पैसे द्यायचा. त्या फेकलेल्या विड्यांना म्हणायचं ‘छाट’. टोपली धरायला मी अनेकदा तिच्याबरोबर गेलो आहे.

मी एकदा आजोबांना विचारलं होतं, तुमच्या विभागात कुणी साहेब तुमचं काम असं फोडून फेकतो का? ते हसले. म्हणाले, फेकला तर फेकेल, पण पगार थोडाच कापणार! त्यांचं हे उत्तर माझ्या डोक्यात राहिलं. दोघंही हातानं काम करणारी माणसं. चाचीच्या बोटांतलं कसब कमी नव्हतं. मग एका भिंतीच्या दोन बाजूंना कामाचा भाव इतका वेगळा कसा? आज आपण याच प्रश्नाच्या मागे जाणार आहोत. वाटेत एक कायदा भेटेल, ज्यानं ठरावीक महिन्यांत विडी वळणं हाच गुन्हा करून टाकला होता. तो कायदा नागपुरात झाला आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात पडला. मजुरी कशी ठरते हे समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी ही दोन दारं शहरात आली कुठून ते पाहू.

जबलपूर १७८१ पासून सागरच्या मराठ्यांकडे आणि पुढे नागपूरकर भोसल्यांकडे होतं. १८१७ साली ते इंग्रजांकडे गेलं. शहरातली बरीच जुनी मराठी घरं त्या काळातली. पण कामगारांचं शहर म्हणून जबलपूर घडलं ते रेल्वेमुळे. १८६७ मध्ये अलाहाबादकडून लोहमार्ग इथवर आला, १८७० मध्ये मुंबईकडचा मार्ग येऊन त्याला मिळाला. मुंबई आणि कलकत्ता सलग रुळांनी जोडले गेले ते आमच्या गावात. देशाच्या मधोमध, समुद्रापासून लांब आणि दोन्ही बाजूंना रेल्वे. लष्कराला आणखी काय हवं? १९०४ मध्ये इथं गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. १९६९ मध्ये लष्करी गाड्यांचा वाहन कारखाना आला. हे झालं आजोबांचं दार.

दुसरं दार त्याच सुमारास उघडलं, पण दुष्काळातून. १८९९-१९००चा गुजरातचा दुष्काळ ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो, कारण ते विक्रम संवत १९५६ होतं. त्या दुष्काळानं बाहेर पडलेली काही गुजराती माणसं मध्य प्रांतात आली. गुजरातेत विडी आपट्याच्या जातीच्या पानांत वळत. इथल्या जंगलात तेंदू होता, ज्याला आपण विदर्भात टेंभुर्णी म्हणतो. हे पान जास्त बरं. लवचिक, वाळल्यावरही न फुटणारं, सावकाश जळणारं. तंबाखू गुजरातेतून आणि निपाणीकडून रेल्वेनं यायची, पान जंगलातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत जबलपुरात मोहनलाल हरगोविंददास यांची पेढी सुरू झाली आणि विडी हा घरगुती प्रकार राहिला नाही, धंदा झाला. स्वदेशीच्या चळवळीत सिगारेटवर बहिष्कार पडला, त्याचा फायदा विडीला झाला. रेल्वेच्या कडेकडेनं धंदा सागर, दमोह, गोंदिया, भंडारा, कामठी, नागपूर असा पसरत गेला.

आता या दोन धंद्यांतला एक फरक लक्षात घ्या. तोफेचा गाडा घरी बनत नाही. त्याला भट्टी लागते, लेथ लागतो, माणसांना एका छताखाली आणावं लागतं. एकत्र आलेली माणसं युनियन करतात, संप करतात, एकमेकांचा पगार विचारतात. विडीला लागतं सूप, कात्री, पान कापायचा पत्र्याचा फर्मा आणि दोऱ्याचं रीळ. त्यामुळे कारखानदारानं छप्पर बांधलं नाही तरी चालतं. तो पान आणि तंबाखू सट्टेदाराला देतो, सट्टेदार ती घरोघर वाटतो, वळलेल्या विड्या गोळा करून पोचवतो. बाईला मालक कोण हे माहीत नसतं आणि मालकाच्या वहीत बाईचं नाव नसतं.

मग मजुरी ठरते कशी? अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात दोन रेषा काढतात, मागणीची आणि पुरवठ्याची. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे मजुरी. रेषा खोटी नाही. विड्यांचा खप वाढला की वळणाऱ्या हातांची मागणी वाढते. श्रमाची मागणी नेहमी अशीच उधारीची असते. विडी ओढणारा आहे म्हणून वळणारीला काम आहे, युद्ध आहे म्हणून खमरियात भरती आहे. पण पुरवठ्याच्या रेषेत एक प्रश्न लपलेला असतो, तो फळ्यावर दिसत नाही. हे काम नाकारलं तर समोरच्या माणसाला दुसरं काय करता येईल? या दुसऱ्या पर्यायाला मी ‘दुसरं दार’ म्हणणार आहे. दुसऱ्या दारामागे जे मिळतं त्यापेक्षा थोडं जास्त दिलं की पहिल्या दारावर माणूस येतो. फार जास्त द्यायची गरज पडत नाही.

आजोबांना दुसरं दार होतं. गन कॅरेजमधला कसबी कामगार रेल्वेत जाऊ शकत होता, दुसऱ्या आयुध कारखान्यात जाऊ शकत होता. शिवाय त्यांचा पगार बाजारात रोज ठरत नव्हता. तो श्रेणीनं ठरायचा, आणि श्रेणी ठरवायला १९४६-४७ पासून वेतन आयोग होते. चाचीचं दुसरं दार कुठलं? लहान मुलं, आजारी सासू, डोक्यावर पदर. घर सोडून कामाला जाता येत नव्हतं. घरात बसून करता येईल असं काम गल्लीत एकच होतं आणि ते देणारा सट्टेदारही एकच. इंग्लंडच्या जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली हेच मांडलं. विकत घेणारा एकटा असेल तर तो भाव खाली दाबू शकतो, आणि श्रमाच्या बाबतीतही असंच घडतं. एकाच सट्टेदाराच्या गल्लीत राहणाऱ्या बाईला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

मजुरी दाबण्यासाठी दर कमी करावाच लागतो असंही नाही. एक हिशेब करून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा हजार विड्यांना १०० रुपये दर आहे. बाईनं १००० विड्या नेल्या. ५० छाट म्हणून बाजूला. पैसे ९५०चे, म्हणजे ९५ रुपये. सट्टेदारानं दिलेलं पान हजाराला पुरलंच नव्हतं, तिनं १० रुपयांचं पान बाजारातून घातलं. हातात राहिले ८५. काम झालं १० तास, म्हणजे तासाला साडेआठ रुपये. त्यात पान भिजवणं, कापणं, मुलीनं शाळेतून येऊन दोन तास कट्टे बांधणं हे धरलेलंच नाही. कागदावर दर १००च राहिला. आणि छाट म्हणून काढलेल्या विड्या खरोखर फेकल्या जातातच असं नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

इथे कुणी म्हणेल, पण मग ती शेतावर का जात नाही? हा प्रश्न १९४८ साली सरकारलाच पडला होता, फक्त उलट्या बाजूनं. आता आपण त्या कायद्याकडे येऊ.

जबलपूर, सागर, नागपूर, अमरावती तेव्हा एकाच प्रांतात होती. प्रांताचं नाव मध्य प्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. धान्याची टंचाई होती, ‘अधिक धान्य पिकवा’ची मोहीम चालू होती. विडीच्या मुलुखातल्या शेतमालकांची तक्रार अशी की ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत, सगळे विड्या वळत बसतात. यावर दोन उपाय होते. एक, शेतमालकांनी हंगामात मजुरी वाढवायची. दुसरा, विडीचं दार बंद करायचं. सरकारनं दुसरा निवडला. शेतीच्या गरजेसाठी विडी-उत्पादनाचं नियमन करणारा हा कायदा १९४८च्या ऑक्टोबरात लागू झाला. जिल्ह्याच्या उपायुक्तानं एखाद्या भागासाठी ‘शेतीचा हंगाम’ जाहीर करायचा आणि गावांची यादी काढायची. त्या हंगामात त्या गावात राहणाऱ्या कुणीही विडी वळायची नाही आणि कुठल्याही कारखानदारानं कुणाला विडीच्या कामावर ठेवायचं नाही.

याच १९४८ सालात दिल्लीत किमान वेतन कायदा झाला. त्याचं विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं. ज्या धंद्यांत किमान मजुरी ठरवायची त्यांच्या यादीत तंबाखूचे कारखाने होते, विडीचा स्पष्ट उल्लेख करून. म्हणजे एकाच वर्षात दिल्लीचा कायदा विडी-कामगाराला मजुरीची खालची पायरी देत होता आणि नागपूरचा कायदा हंगामात तिचं कामच काढून घेत होता.

आंबेडकरांचं नाव निघालंच आहे तर तीस वर्षं मागे जाऊ. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तेव्हा सगळे म्हणत होते, जमिनीचे तुकडे झालेत म्हणून शेती गरीब आहे, तुकडे जोडा. आंबेडकरांनी कारण दुसरीकडे दाखवलं. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत. ती कामावर दिसतात, पण त्यांच्या श्रमाला पुरेसं काम नाही. रिकाम्या हातांचं हे ओझं उद्योगधंदे वाढल्याशिवाय उतरणार नाही. आर्थर लुईस यांचा ‘अमर्याद श्रमपुरवठ्या’चा प्रसिद्ध सिद्धान्त आला १९५४ साली. शेतीत जादा माणसं असतील तर शहरातल्या धंद्याला मजुरी वाढवावी लागत नाही, शेतातल्या पोटापुरत्या कमाईपेक्षा थोडी जास्त दिली की पुरे, हा त्याचा गाभा. या जादा हातांचा प्रश्न आपल्याकडे छत्तीस वर्षं आधी मांडला गेला होता.

पण मग हात जादा असताना शेतमालकाला मजूर का मिळेना? कारण शेतीतली बेकारी वर्षभर सारखी नसते. लावणी, निंदणी, कापणी या थोड्या आठवड्यांत सगळ्यांना एकदम माणसं हवी असतात. बाकीच्या दिवसांत काम नसतं. कोरडवाहू मुलुखात ही दरी आणखी मोठी. तिथे तेंदूपान तोडणं येतं उन्हाळ्यात, एप्रिल ते जून, शेतात काम नसताना. आणि विडी तर बारा महिने. वर्षभर घर चालवणारं काम हंगामातल्या थोड्या आठवड्यांसाठी टाकून द्यायचं, तर त्या आठवड्यांत तेवढा जादा भाव मिळायला हवा. तो मिळत नव्हता म्हणून माणसं येत नव्हती. याला मजुरांचा तुटवडा म्हणण्यापेक्षा जुन्या भावात येणाऱ्या मजुरांचा तुटवडा म्हणावं लागेल.

१३ जून १९५० रोजी सागरच्या उपायुक्तांनी असा एक आदेश काढला आणि काही गावांत विडी बंद झाली. तोपर्यंत देशाला राज्यघटना मिळून साडेचार महिने झाले होते. एक विडी-कारखानदार आणि एक विडी-कामगार असे दोघंही थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. कारखानदाराला धंदा हवा होता, कामगाराला काम. इथे दोघांचं हित एक होतं आणि दोघांचा आधार घटनेतलं एकोणिसावं कलम होता, कोणताही व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य देणारं. खटला चालू असतानाच पहिल्या आदेशाची मुदत संपली. तर २९ सप्टेंबरला उपायुक्तांनी पुढच्या हंगामासाठी, ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबरसाठी, नवा आदेश काढला.

८ नोव्हेंबर १९५० रोजी निकाल लागला. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. सरन्यायाधीश कनिया यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायमूर्ती होते, निकाल लिहिला न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू न्यायालयानं चुकीचा ठरवला नाही. प्रश्न विचारला तो असा की त्या हेतूसाठी एवढी बंदी लागते का? गावात म्हातारी माणसं आहेत, अपंग आहेत, मुलं आहेत, शेतात राबू न शकणाऱ्या बायका आहेत. त्यांना विडीपासून तोडून शेताला एकही जादा हात मिळत नाही. शेतमजुरांपुरतं बंधन घालता आलं असतं, विडीच्या कामाचे तास ठरवता आले असते. यातलं काही न करता सरसकट बंदी घालणं वाजवी नाही, असं म्हणून न्यायालयानं कायदाच रद्दबातल ठरवला. ‘वाजवी निर्बंध’ म्हणजे काय हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या निकालांत हा गणला जातो आणि कायद्याचे विद्यार्थी आजही तो वाचतात. पण मला त्यात नेहमी त्या गावातली ओसरी दिसते, जिथे शेतात न जाऊ शकणारी कुणीतरी सूप झाकून, दार लावून बसली असेल.

या गोष्टीतून दोन धडे निघतात. पहिला, दुसरं दार नुसतं असल्यानंही मजुरी वर ढकलली जाते. सागरच्या शेतमालकांना विडीचा त्रास होत होता, कारण विडीमुळे मजूर नाही म्हणू शकत होता. विडीची मजुरी तुटपुंजी होती, तरीही तिनं शेतमजुराला घासाघीस करायची ताकद दिली. दुसरा, दार कुणासाठी उघडं राहील हे बाजार एकटा ठरवत नाही. त्यात कायदा असतो, उपायुक्ताचा आदेश असतो, घरातल्या चालीरीती असतात, जात असते, स्टेशन किती लांब आहे हेही असतं.

न्यायालयानं काम करण्याचा हक्क वाचवला, पण त्या कामाचं मोल वाचलं का? तो झगडा पुढे सोळा वर्षं चालला. कारखाना कायद्यात ‘कामगार’ कोण, यावर विडीचे खटले पुन्हा पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५८ मध्ये सागरच्याच एका प्रकरणात न्यायालय म्हणालं, सट्टेदार हा स्वतंत्र ठेकेदार आहे. तो आणि त्याची माणसं कारखान्याचे कामगार नाहीत. नागपूरच्या एका प्रकरणात कारखान्यात येऊन वळणाऱ्यांना कामगार मानलं गेलं. १९६१ मध्ये वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात बहुमतानं पुन्हा नाही म्हटलं. हवं तेव्हा येणारा-जाणारा, नगावर पैसे घेणारा माणूस मालकाच्या देखरेखीखाली नाही, म्हणून त्याला रजेचा पगार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं. आज मोबाईलवर ऑर्डर घेऊन जेवण पोचवणाऱ्या मुलाला ‘भागीदार’ म्हणतात की कामगार, हा वाद तुम्ही ऐकत असालच. तो वाद नवा नाही. विडीच्या टोपलीत तो साठ वर्षांपूर्वी होता.

अखेर १९६६ साली संसदेनं विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात घरी बसून वळणारीलाही कामगार म्हटलं. मालकांनी आव्हान दिलं, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा टिकवला. महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या नियमांनी छाटीवर मर्यादा घातली, सर्वसाधारणपणे शंभरात पाच. १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला. त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालल्या. त्या निधीचा उपकर २०१७ साली जीएसटीबरोबर संपला.

कायद्यानं मजुरी वाढवली तर काम जातं का? हा प्रश्न कायम विचारला जातो आणि त्याचं उत्तर एका वाक्यात नाही. केरळचा अनुभव पाहा. १९६६चा कायदा तिथे अमलात आला तेव्हा मोठ्या विडी-कंपन्यांनी कन्नूर भागातलं काम बंद केलं. सुमारे १२ हजार कामगार बेकार झाले. म्हणजे भीती खोटी नव्हती. पण १९६९ मध्ये सरकारच्या मदतीनं त्याच कामगारांनी केरळ दिनेश विडी ही सहकारी संस्था काढली आणि ती देशातल्या मोठ्या कामगार-सहकारी संस्थांपैकी एक झाली. दुसरीकडे अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९४ साली न्यू जर्सीच्या खाणावळींचा अभ्यास करून दाखवलं की किमान वेतन वाढूनही तिथे रोजगार घटला नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. जिथे मालक एकटाच असल्यामुळे मजुरी दाबलेली असते तिथे ती वाढवली तर काम टिकू शकतं. जिथे मालक शेजारच्या राज्यात सहज जाऊ शकतो तिथे ते जाऊही शकतं. विडीला छप्पर लागत नाही हे पुन्हा आठवा. ती उठून जायला फार सोपी असते.

आता बेकारीबद्दल थोडं. आमच्या गल्लीत बेकार कोण होतं? चाची नव्हती. ती एक दिवसही बेकार राहू शकली नसती. सरकारी पाहणीत चालू आठवड्याच्या मापानं सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. या मापानं तिच्यासारखी बाई जन्मभर रोजगारात. बेकार होती ती गल्लीतली शिकलेली मुलं, ज्यांनी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं होतं आणि जी गन कॅरेज, खमरिया, वाहन कारखाना यांच्या भरतीची वाट बघत होती. ती आळशी नव्हती. समोर एक चांगलं दार असेल, त्याच्यापुढे रांग असेल आणि बाकी सगळी दारं फार खालची असतील, तर थोडी वर्षं रांगेत उभं राहणं हा शहाणपणाचाच हिशेब असतो. घरात कुणाचा तरी पगार येत असेल तरच तो परवडतो. म्हणून बेकारीच्या आकड्यात पगारदार घरातली मुलं जास्त दिसतात आणि सगळ्यात गरीब माणूस दिसतच नाही.

ते चांगलं दारही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. जबलपूरचे कारखाने त्यांत विभागले गेले. विडीचा धंदा आक्रसतो आहे, तरी देशात नोंदलेले विडी-कामगार सुमारे ५० लाख आहेत आणि त्यांत बहुसंख्य बायका आहेत. तंबाखूनं माणसं मरतात, हा धंदा कमी व्हायलाच हवा, हे मी नाकारत नाही. चाचीचा खोकला मी ऐकलेला आहे. पण सागरचा धडा इथेही लागू पडतो. एक दार बंद करायचं असेल तर आधी दुसरं उघडायला हवं.

शेवटी पुन्हा गोरखपूर. मी कॉलेजात गेलो त्या सुमारास बाजारातल्या कापडाच्या दुकानांनी मुलींना कामावर घ्यायला सुरुवात केली. आमच्या गल्लीतल्या तीन मुली जायला लागल्या, त्यांत चाचीची धाकटीही. सट्टेदाराच्या टोपल्या कमी झाल्या. सुट्टीत घरी आलो तेव्हा चाचीला विचारलं, आता कसं चाललंय? म्हणाली, “अब उतनी छाट नहीं निकालता.” दर तोच होता, कायदाही तोच होता, सट्टेदार तोच होता. फक्त तीन मुली त्याच्या दारात येईनाशा झाल्या होत्या.

तुमच्या गावात मजुरीचा भाव कोण ठरवतं, आणि काम नाकारणाऱ्याला जायला दुसरं दार कुठलं आहे, हे एकदा बघा. सिन्नर असेल, सोलापूर असेल, निपाणी असेल, इंदूर किंवा सुरत असेल. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींपासून सुरुवात केली तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.